विश्लेषण : तिसरीतल्या मुलाला वाचता येते का? शाळेच्या टक्क्यांत याचे उत्तर का सापडत नाही?

बेलापूर (ता. श्रीरामपूर) : शिष्यवृत्ती परीक्षेचा निकाल लागला, की अहिल्यानगर जिल्ह्यात गावोगावच्या चौकांत फ्लेक्स लागतात. यशस्वी मुलांचे पासपोर्ट फोटो, खाली मार्गदर्शक गुरुजींची आणि बाईंची नावे, कडेला शुभेच्छुकांची रांग. कौतुक व्हायलाच हवे. पण ‘तिसरीच्या २४ मुलांपैकी इतक्या मुलांना दुसरीचा धडा न अडखळता वाचता येतो’ असा फ्लेक्स कोणत्याच चौकात दिसत नाही. फोटोतली चार मुले वर्गात पुढे असतात, हे गावाला आधीच माहीत असते. मागच्या रांगेतल्या मुलांचे काय, हे मात्र पालकांनाही अनेकदा पाचवीत गेल्यावर कळते.

आणि पाचवीत कळणे आता महागात पडू शकते. शिक्षण हक्क कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनंतर महाराष्ट्राने २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा लागू केली आहे. त्यात नापास झाल्यास फेरपरीक्षा, आणि तिथेही अडकल्यास त्याच वर्गात पुन्हा वर्षभर. तिसरीत न आलेली हातच्याची वजाबाकी पाचवीच्या निकालपत्रात अशी उगवते.

चाचण्या तर आता वर्षभर सुरूच असतात. मग या मुलांची माहिती आधी का मिळत नाही?

एका मुलाच्या नावे किती चाचण्या?

जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मुलाभोवती आज किमान चार प्रकारची मोजमापे फिरतात, आणि बातम्यांमध्ये ती सर्रास एकमेकांत मिसळली जातात.

पहिली केंद्र सरकारची. पूर्वी तिला राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण म्हणजे ‘नॅस’ म्हणत. ते १२ नोव्हेंबर २०२१ रोजी झाले. त्यानंतरचे सर्वेक्षण ‘परख’ या नावाने ४ डिसेंबर २०२४ रोजी तिसरी, सहावी आणि नववीसाठी झाले. दुसरी राज्याची. पुण्याची राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद प्रश्नपत्रिका काढते आणि शाळांत पायाभूत व संकलित चाचण्या होतात. २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमापासून पालकांना ही नावे ओळखीची झाली. जागतिक बँकेच्या मदतीने चालणाऱ्या ‘स्टार्स’ प्रकल्पाखाली २०२३-२४ मध्ये त्या तिसरी ते आठवीसाठी घेण्यात आल्या. विषय तीन : प्रथम भाषा, गणित, इंग्रजी.

तिसरे मोजमाप ‘निपुण’चे. ५ जुलै २०२१ रोजी केंद्राने निपुण भारत अभियान सुरू केले. २०२६-२७ पर्यंत तिसरी संपवणाऱ्या प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे आणि मूलभूत गणित यावे, हे त्याचे उद्दिष्ट. राज्यानेही मार्च २०२५ मध्ये दुसरी ते पाचवीच्या मुलांसाठी ‘निपुण महाराष्ट्र’ कृती कार्यक्रम काढला. चौथे मोजमाप सरकारी नाही. ‘प्रथम’ संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून होणारे हे ‘असर’ सर्वेक्षण ग्रामीण भागात घरोघरी जाऊन होते.

शिष्यवृत्ती परीक्षा या चौघांत मुद्दाम धरलेली नाही. १९५४-५५ पासून चालत आलेली ही परीक्षा हुशार मुले शोधण्यासाठी आहे. भाषा व गणित या पहिल्या पेपरला १५० गुण आणि तृतीय भाषा व बुद्धिमत्ता चाचणीला १५०, असे तिचे स्वरूप. बसणारी मुले मुळातच निवडलेली, वर्षभर जादा तास केलेली. शाळा तिच्यात चमकली म्हणजे शाळेतल्या सगळ्या मुलांना वाचता येते, असा अर्थ निघत नाही.

‘परख’मध्ये बेलापूरचा आकडा किती?

कोणत्याही एका शाळेचा आकडा तिथे मिळत नाही, कारण सर्वेक्षणाचा तो हेतूच नाही. २०२४ च्या फेरीत देशातल्या ७८१ जिल्ह्यांतल्या ७४,२२९ शाळा आणि सुमारे २१ लाख १५ हजार विद्यार्थी होते. शाळा नमुन्यातून निवडल्या जातात आणि निष्कर्ष जिल्हा, राज्य, देश या पातळीवर येतात. (बेलापूरचे नाव मोबाइलवर शोधणाऱ्याला आधी नवी मुंबईचे बेलापूर भेटते, तो घोळ वेगळा. गावाच्या नावाचे रेल्वे स्थानकही श्रीरामपूर शहरात आहे.)

देशाचे चित्र मात्र पाहण्यासारखे आहे. तिसरीची सरासरी भाषेत ६४ टक्के, गणितात ६० टक्के. ९९ पर्यंतच्या संख्या चढत्या-उतरत्या क्रमाने लावणे तिसरीच्या ५५ टक्के मुलांना जमले. दोन अंकी बेरीज-वजाबाकी ५८ टक्क्यांना. सहावीत गेल्यावर गणिताची सरासरी ४६ वर येते आणि दहापर्यंतचे पाढे जेमतेम ५३ टक्के मुलांना येतात.

इथे एक तांत्रिक बाब लक्षात ठेवायला हवी. प्रश्न बहुपर्यायी असतो. चार पर्यायांपैकी एकावर डोळे मिटून खूण केली, तरी सरासरी चारातला एक प्रश्न बरोबर येतो. समजा, एखाद्या वर्गाची सरासरी ६० टक्के आली आणि ज्यांना उत्तर येत नव्हते त्यांनी सगळ्यांनी अंदाज ठोकला. मग खरोखर किती उत्तरे येत होती? हिशेब केला तर सुमारे ४७ टक्के. प्रत्येक मूल असा अंदाज लावतेच असे नाही, त्यामुळे हा आकडा घोकू नये. पण बहुपर्यायी चाचणीतले ६० टक्के आणि तोंडी चाचणीतले ६० टक्के ही एकच गोष्ट नव्हे.

‘असर’चे आकडे इतके कमी का दिसतात?

कारण तिथे अंदाजाला जागाच नाही. स्वयंसेवक घरी येतो, मुलाशेजारी बसतो आणि एक कागद पुढे करतो. आधी पहिलीच्या पातळीचा छोटा उतारा. वाक्यासारखा वाचला आणि तीनपेक्षा जास्त चुका झाल्या नाहीत, तर दुसरीच्या पातळीची गोष्ट. उतारा जमला नाही तर सुटे शब्द; पाचातले चार यायला हवेत. तेही नाही तर अक्षरे. मूल ज्या पायरीवर नीट उभे राहते, ती त्याची पातळी.

गणितातही तसेच. आधी हातच्याच्या दोन अंकी वजाबाक्या दोन, दोन्ही बरोबर हव्यात. जमल्या तर तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागाकार. नाही जमल्या तर संख्या ओळखणे. इयत्ता कोणतीही असो, कागद तोच. आठवीच्या मुलालाही दुसरीचीच गोष्ट.

देशातल्या ग्रामीण भागाचा २०२४ चा निकाल असा : तिसरीतल्या २७.१ टक्के मुलांना दुसरीची गोष्ट वाचता आली. २०१८ मध्ये हे प्रमाण २७.३ होते, करोनाच्या शाळाबंदीनंतर २०२२ मध्ये २०.५ पर्यंत घसरले. म्हणजे सहा वर्षांनी गाडी होती तिथेच आली. वजाबाकी मात्र पुढे सरकली : २८.२, मग २५.९, आणि २०२४ मध्ये ३३.७ टक्के. पाचवीत भागाकार करता येणारी मुले ३०.७ टक्के. वाचनात महाराष्ट्राचा आलेखही आधी घसरण आणि मग सावरणे, असाच आहे.

‘असर’ही बेलापूरबद्दल काही सांगत नाही. प्रत्येक जिल्ह्यात ३० गावे, प्रत्येक गावात २० घरे, एवढाच त्याचा नमुना. ६०० घरांत तिसरीतली मुले मोजकीच सापडणार.

मग शाळेचे स्वतःचे टक्के तरी खरे मानायचे का?

आपल्या शाळेपुरती माहिती देणारी चाचणी एकच, राज्याची. तिच्यात दोन अडचणी आहेत आणि पहिली शुद्ध अंकगणिताची आहे.

समजा, गावातल्या एका शाळेत तिसरीचा पट २४ आहे. चाचणीत १३ मुलांना अपेक्षित पातळीवर वाचता आले. शाळेचा आकडा ५४ टक्के. पुढच्या चाचणीत आकडा ६५ किंवा त्याच्या पुढे गेला, तर केंद्रप्रमुख खूश, गावही खूश. पण तिथे जायचे रस्ते दोन आहेत.

पहिला रस्ता : गुरुजींनी तीन महिने मेहनत घेतली, मागच्या रांगेतली तीन मुले वाचायला लागली. २४ पैकी १६, म्हणजे ६७ टक्के.

दुसरा रस्ता : वाचता न येणारी चार मुले आई-वडिलांबरोबर गाव सोडून गेली किंवा त्या दिवशी आलीच नाहीत. चाचणीला बसली २०, वाचू शकली तीच १३. म्हणजे ६५ टक्के.

पहिल्या शाळेत तीन मुलांचे आयुष्य बदलले. दुसऱ्या शाळेत कुणीच काही नवे शिकले नाही. ऑनलाइन नोंदीत दोन्ही शाळा शेजारी शेजारी दिसतील.

शिवाय २४ च्या वर्गात एक मूल म्हणजे चार टक्क्यांहून जास्त. एका मुलाला त्या दिवशी ताप होता, एवढ्यानेही आकडा हलतो. दरवर्षी तिसरीत येणारी तुकडी वेगळी. एखाद्या वर्षी शांत वाचणाऱ्या मुली जास्त, एखाद्या वर्षी बालवाडी न पाहिलेली मुले जास्त. एवढ्या छोट्या वर्गात केवळ अशा योगायोगाने दोन वर्षांच्या आकड्यांत दहा टक्क्यांचा फरक सहज पडू शकतो. पट ८ किंवा १० असलेल्या वस्तीशाळेत तर टक्केवारी काढूच नये, मुलांची नावे लिहावीत. गुरुजींकडे ती असतातच.

ऊसतोडणीच्या टोळीतली मुले कुठे मोजली जातात?

दुसरा रस्ता कागदावर रचलेला नाही. बेलापूरच्या परिसरात तो दर हिवाळ्यात डोळ्यांसमोर दिसतो. हा उसाचा पट्टा. हरेगावला बेलापूर कंपनीचा कारखाना होता, श्रीरामपुरात अशोक सहकारी आहे, आणि सहकारी साखर कारखानदारीची सुरुवात जिथे झाली ते प्रवरानगर याच जिल्ह्यात. गाळप हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. टोळ्या बीडहून येतात, आणि जिल्ह्याच्याच पाथर्डी-शेवगाव भागातूनही.

आता चाचण्यांच्या तारखा पाहा. नॅस, १२ नोव्हेंबर. परख, ४ डिसेंबर. पहिली संकलित चाचणी दिवाळीच्या सुमारास. कोपीवर राहणारे मूल या काळात गावच्या शाळेत गैरहजर असते आणि कारखान्याजवळच्या शाळेच्या पटावर नसते. पाथर्डीच्या शाळेचा टक्का त्याच्या जाण्याने वाढतो. श्रीरामपूरच्या शाळेचा टक्का त्याच्या येण्याने कमी होत नाही. दोन्हीकडे आकडा सुरक्षित.

या मुलांसाठी हंगामी वसतिगृहे आहेत, साखरशाळांचा प्रयोग झाला, आणि शिक्षण हमी कार्डाचीही सोय आहे. कार्ड दाखवले, की दुसऱ्या गावच्या शाळेने मुलाला दाखल्याशिवाय वर्गात बसवायचे. मुकादमाने उचल दिल्यावर टोळी रात्रीत निघते. त्या धावपळीत कार्ड कुणाच्या लक्षात राहते, हा प्रश्नच आहे. ‘असर’चा स्वयंसेवक शाळेत न जाता घरी जातो, त्याचे कारण हेच. शाळेत गैरहजर असलेले मूल घरी भेटू शकते. टोळीबरोबर गेलेले मूल मात्र त्यालाही भेटत नाही.

गुण देणारा आणि गुण मिळवणारा एकच असेल तर?

ही दुसरी अडचण. राज्याच्या चाचणीत प्रश्नपत्रिका वरून येते. पण ती घेणारे, तपासणारे आणि गुण ऑनलाइन भरणारे त्याच शाळेतले शिक्षक असतात. त्याच गुणांवरून शाळेची विचारपूस होणार असते. अशा वेळी काय होते?

मध्य प्रदेशात यावर थेट तपासणी झाली आहे. अर्थशास्त्रज्ञ अभिजित सिंग यांनी सरकारी चाचणी दिलेल्या मुलांची, त्याच प्रश्नांवर, बाहेरच्या पथकाकडून फेरचाचणी घेतली. शाळांनी नोंदवलेले गुण प्रत्यक्षापेक्षा फुगलेले निघाले. आंध्र प्रदेशात कागदाऐवजी टॅबवर चाचणी घेतल्यावर ही फुगवण कमी झाल्याचेही त्यांना आढळले. डग जॉन्सन आणि आंद्रेस पराडो यांनी २०२१ मध्ये ‘नॅस’ आणि ‘असर’ची तुलना केली, तेव्हा ‘नॅस’मधल्या राज्यांच्या सरासऱ्या संशयास्पदरीत्या उंच असल्याचा निष्कर्ष निघाला.

यात गुरुजींना खलनायक करण्याचे कारण नाही. दोन शिक्षकी शाळेत चार वर्ग, शिवाय शालेय पोषण आहाराच्या नोंदी, मतदार यादीचे काम, रोज नवी ऑनलाइन माहिती. त्यात चाचणीचा आकडा कमी आला तर नोटीस, चांगला आला तर शांतता. शांतता कोणाला नको असते?

याच जिल्ह्यातल्या अकोल्याचे हेरंब कुलकर्णी यांनी राज्याच्या आदिवासी भागातल्या शाळा फिरून ‘शाळा आहे, शिक्षण नाही’ हे पुस्तक लिहिले. त्यांची पद्धत साधी : वर्गात जायचे आणि मुलांना वाचायला सांगायचे. कोणताही अहवाल तपासण्याची याहून स्वस्त पद्धत अजून सापडलेली नाही.

वजाबाकी नेमकी कुठे अडते?

५२ वजा २७. तिसरीतल्या बऱ्याच मुलांचे उत्तर येते ३५. चूक आळसाची नाही, तिच्यात एक तर्क आहे : दोनातून सात जात नाहीत, मग सातातून दोन घालवू, पाचातून दोन, तीन. मुलाच्या दृष्टीने ५२ ही एक संख्या नसते, शेजारी ठेवलेले दोन अंक असतात. दशक मोकळा करून त्याचे दहा सुटे करता येतात, हे काड्यांचे गठ्ठे सोडून पाहिल्याशिवाय समजत नाही. फळ्यावर नुसते ‘शेजाऱ्याकडून उसना घे’ सांगून ते होत नाही.

मराठी मुलाला आणखी एक अडथळा असतो. आपण म्हणतो त्रेसष्ट : आधी तीन, मग साठ. लिहितो मात्र ६३ : आधी सहा, मग तीन. कान एक क्रम ऐकतो, हात उलटा क्रम लिहितो. त्यात एकोणतीस, एकोणसाठ यांची गंमत वेगळीच. कन्नड किंवा तेलुगू मुलाला हा त्रास नाही, तिथे दशक आधी बोलला जातो.

हे लक्षात घेऊन २०१९ मध्ये ‘बालभारती’च्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’सोबत ‘वीस एक’ अशी वाचनाची दुसरी पद्धत देण्यात आली. गणित समितीच्या अध्यक्ष होत्या डॉ. मंगला नारळीकर. मग जे झाले ते सर्वांना आठवत असेल : भाषा बुडाल्याची हाकाटी, समाजमाध्यमांवर विनोद, विषय थेट विधिमंडळात. अंक उलटे लिहिणाऱ्या दुसरीतल्या मुलाचा मुद्दा त्या गदारोळात मागेच राहिला. पुस्तकाने जुनी पद्धत काढून टाकली नव्हती, हे तर अनेकांनी पाहिलेच नाही.

याच गोष्टीची दुसरी बाजू आठवडे बाजारात दिसते. भाजीच्या पालावर बसलेले दहा वर्षांचे पोर अर्धा किलो कांदे, पाव किलो मिरची, वर कोथिंबिरीची जुडी, यांचा हिशेब तोंडी करून पन्नासच्या नोटेतून सुटे परत देते. शाळेत त्याच पोराची वजाबाकी चुकते. हा केवळ समज नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणारी मुले खरेदी-विक्रीचे गुंतागुंतीचे हिशेब बिनचूक करत होती. तीच मुले पुस्तकी पद्धतीने मांडलेल्या साध्या उदाहरणांत अडखळत होती. आणि शाळेत जाणारी, बाजारात काम न करणारी मुले? त्यांचे उलटे : वहीतली गणिते जमली, बाजारचा हिशेब जमला नाही.

म्हणजे कोणत्याही चाचणीत ‘गणित येत नाही’ असा शिक्का बसलेल्या मुलाच्या डोक्यात गणित असू शकते. ते वहीपर्यंत पोहोचलेले नसते.

वाचनात वेग का मोजतात?

निपुणच्या उद्दिष्टांप्रमाणे दुसरीअखेर मुलाने मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि तिसरीअखेर किमान ६० शब्द समजून वाचावेत. पालकांना यात शर्यतीचा वास येतो. कारण साधे आहे. बारा शब्दांचे वाक्य या वेगाने १२ सेकंदांत संपते. मिनिटाला २० शब्द वाचणाऱ्या मुलाला त्याच वाक्याला ३६ सेकंद लागतात. शेवटच्या शब्दापाशी पोहोचेपर्यंत पहिला शब्द कोणता होता, हे ते विसरलेले असते. मग गणितातले शाब्दिक उदाहरणही सुटत नाही आणि परिसर अभ्यासाचा प्रश्नही. एकाच कारणाने तीन विषयांत गुण जातात, आणि निकालपत्रावर तीन वेगवेगळे दोष दिसतात.

घरच्या घरी पाच मिनिटांत काय पाहता येईल?

मुलाच्या मागच्या इयत्तेचे ‘बालभारती’ घ्या. तोंडपाठ झालेला धडा नको. पुस्तकातला कमी वाचलेला भाग किंवा शेजारच्या मुलाकडचे गोष्टीचे पुस्तक उत्तम. मोबाइलवर एक मिनिटाची वेळ लावा. मूल मोठ्याने वाचेल, तुम्ही चुका मोजा, पण मध्येच सुधारू नका. मिनिट झाल्यावर शब्द मोजा आणि एकच विचारा : काय झाले गोष्टीत? बहुतेक मुले जोडाक्षरांपाशी अडतात. अडून मग पुढे जात असतील तर काळजी नाही. प्रत्येक शब्द ‘क ला काना का’ असा सुटा करून वाचत असतील, तर मूल अजून शब्दाच्या पायरीवर आहे.

मग हातच्याच्या दोन वजाबाक्या कागदावर. एक चुकली तर रागावण्याआधी ‘कसे केलेस?’ विचारा, ३५ कुठून आले ते मूल स्वतः सांगते. तिसरीच्या पुढच्या मुलाला ७३८ भागिले ६ द्या. उत्तर १२३. मराठीतली ‘असर’ची साधनेही असर सेंटरच्या संकेतस्थळावर खुली आहेत.

शाळेकडून काय अपेक्षा ठेवायची? या बाबतीत पुरावा बराच स्पष्ट आहे. रोज तास-दीड तास मुलांना इयत्तेप्रमाणे न बसवता पातळीप्रमाणे बसवायचे : अक्षरवाली एकत्र, शब्दवाली एकत्र, उतारावाली एकत्र, मग कुणी तिसरीत असो वा पाचवीत. ‘प्रथम’ने ही पद्धत घडवली. मुंबई आणि वडोदऱ्यातल्या सुरुवातीच्या प्रयोगांपासून बॅनर्जी-डुफ्लो यांनी तिचे परिणाम मोजले. २०१९ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेल्या त्यांच्या कामाचा तो एक भाग होता. तिसरी ते पाचवी एकाच खोलीत भरणाऱ्या आपल्याकडच्या छोट्या शाळेला तर ती फारच सोयीची. अडचण एकच, त्या तासापुरता अभ्यासक्रम बाजूला ठेवावा लागतो, आणि ‘सिलॅबस पूर्ण झाला का’ हा प्रश्न तपासणीत पहिला येतो.

विचारण्याची जागाही कायद्याने दिली आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या सदस्य महिला. बैठकीत सहसा शौचालय, कंपाउंड आणि गणवेश यांवर वेळ जातो. ‘निपुण महाराष्ट्र’मध्ये चावडी वाचनाचाही समावेश आहे : मुलांनी गावासमोर बसून वाचायचे, गणित सोडवून दाखवायचे. तेव्हा पुढे कोणती मुले बसवली जातात, याकडे पालकांनी लक्ष द्यावे. आणि पुढच्या संकलित चाचणीनंतर समितीने टक्केवारीऐवजी चार रकान्यांचा साधा तक्ता मागावा : पटावर किती, चाचणीला हजर किती, समजून वाचता येणारी किती, हातच्याची वजाबाकी येणारी किती. पहिल्या आणि दुसऱ्या रकान्यात फरक असेल, तर ती मुले सध्या कुठे आहेत, हेही त्याच कागदावर लिहून घ्यावे.